दसऱ्याच्या पाटावरची पाच पिस्तुलं

टार्निट, ४ नोव्हेंबर २०२०

प्रिय श्रीनाथ,

फोन उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक दिसते, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर आधी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मग ब्लॉक केलं असतं. तुझा तो मित्र संजीव पत्ता द्यायला तयारच नव्हता. शेवटी मी फोनवर रडायला लागले तेव्हा वैतागून दिला. फुट्सक्रेच्या त्या खोलीत तुम्ही चौघं राहता म्हणे. जेवणाचं काय करतोस? तुझा प्रेशर कुकर इथेच राहिलाय. चिन्मयी रोज विचारते, श्रीनाथदादा व्हेअर डिड ही गो, आणि मी रोज तिला नवी थाप मारते. नऊ वर्षांची पोर ती, पण तिचा विश्वास बसत नाही हे मला दिसतं.

पुढच्या आठवड्यात पोलीस तुला जबाबाला बोलावणार आहेत. यतीनने तुझं नाव दिलंय. नवरा म्हणून मी त्याला कितीही सांभाळून घेतलं तरी हे खरं आहे. घरात बाहेरचा माणूस एकच, स्टुडंट, भाड्याने राहणारा, नोकरी गेलेला, म्हणून पिस्तूल त्यानेच चोरलं. तुझ्या नव्या व्हिसाचा अर्ज अडकलेला असताना अशी चौकशी मागे लागली तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर कोण हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि तुला. मूर्खा, का नाही बोललास?

तू राहायला आलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी यतीनने तुला स्टडीतली तिजोरी उघडून दाखवली होती. दाखवायची नसते, पण त्याला राहवत नाही. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. आमच्या कोथरूडच्या इंजिनिअरला छोट्या पिस्तुलांचं वेड. सगळी शंभरेक वर्षांपूर्वीची, पॉइंट टू फाइव्ह बोअरची, कोटाच्या खिशात मावणारी. हे बेल्जियमचं, हे स्पेनचं, हे कुठल्याशा बाईच्या पर्समधलं. तू बिचारा तासभर हो हो करत ऐकत होतास. परवाना, क्लबची मेंबरशिप, भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी, पोलिसांची तपासणी, सगळं रीतसर होतं. फक्त ती घराबाहेर खिशात घालून न्यायची नाहीत. इथे आपल्यासारख्याला तसा परवाना कुणी देतच नाही. मी चिडवायचे त्याला, लोक बायकोला दागिने करतात आणि तू हे काय जमवतोस. तिजोरीची चावी मात्र त्याने देव्हाऱ्यात ठेवली होती, कापराच्या डबीत. रोज देवपूजा करणार मी, आणि चावी लपवली कुणापासून, तर माझ्यापासून!

जुलैमध्ये आमच्या एज्ड केअर होममध्ये करोना शिरला. तीन आठवड्यांत माझ्या विंगमधले नऊ जण गेले. घरी आल्यावर मी गराजमध्ये कपडे उतरवायचे, चिन्मयीला जवळ घ्यायचे नाही. यतीनला दमा, म्हणून मी वेगळ्या खोलीत झोपायला लागले. तो गाडीने सोडतो म्हणायचा, पण एका गाडीत त्याच्याशेजारी बसायची मला भीती वाटायची. मग पहाटे पावणेसहाला मी एकटी चालत स्टेशनवर जायचे, वीस मिनिटं, युनिफॉर्म घालून. तिथे कार पार्कमध्ये एक पांढऱ्या यूटवाला असायचा, मागे उघडा हौदा असलेली ती गाडी असते ना, तिच्यातला. पहिल्या दिवशी काच खाली करून ओरडला, की तुम्हीच लोकांनी हे इथे आणलंत, परत जा. दुसऱ्या वेळी माझ्या बुटावर थुंकला. थुंकला, श्रीनाथ, त्या दिवसांत! मी होमवर पोचून बूट सॅनिटायझरने तीनदा धुतले आणि तरी दिवसभर तो पाय माझा नाही असं वाटत राहिलं. त्यानंतर दोनदा तो दिवे बंद करून हळूहळू माझ्या मागून गाडी चालवत आला. यतीनला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, सोड नोकरी. त्याच्या कंपनीने पगार कापलेला, माझी नोकरी सोडून चाललं नसतं. पोलिसांना सांगायचं तर गाडीचा नंबर कुठे वाचला होता मी, त्या अंधारात?

तू म्हणशील, म्हणून पिस्तूल? हो, म्हणून पिस्तूल. यतीन वूलीजला किराणा आणायला गेला आणि मी कापराची डबी उघडली. सगळ्यात लहान ते उचललं, शिंपल्याच्या मुठीचं. तळहातात मावत होतं, आपल्या खलातल्या बत्त्यापेक्षाही हलकं. त्यात गोळी आहे की नाही हे मी पाहिलं नाही. पाहतात कसं तेच माहीत नव्हतं. कोटाच्या उजव्या खिशात ठेवलं आणि सकाळी त्यावर हात ठेवून चालायला लागले. वाटलं होतं धीर येईल. छे! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आधी मला एकट्या यूटवाल्याची भीती होती, आता पोलिसांच्या गाडीची, ट्रेनमधल्या तिकीट तपासनिसाची, होमच्या दारात तापमान मोजणाऱ्या पोरीची, सगळ्यांची भीती वाटायला लागली. लॉकरमध्ये कोट ठेवला की आठ तास जीव लॉकरपाशी. तरी रोज नेलं. दोन आठवडे नेलं.

मग ती सकाळ. तेव्हा तुझी वेअरहाऊसची नोकरी होती, तू रात्रीची शिफ्ट करून नुकताच आला होतास आणि तुला मायक्रोवेव्हवर माझं कामाचं परमिट दिसलं. लॉकडाऊनमध्ये ते पत्र जवळ नसेल तर कामाला जातानाही दंड व्हायचा, आणि ट्रेनमध्ये तपासणी चालू होती. तुझ्या मनात आलं, ताई अडकेल. म्हणून तू तसाच धावत सुटलास, हुडी डोक्यावर, काळा मास्क. मला ऐकू आले ते फक्त मागून धावत येणारे पाय. अंधार, धुकं, समोरून ट्रेन येत होती. मी वळले आणि तुझ्या छातीवर पिस्तूल धरलं. तू दोन्ही हात वर केलेस, एका हातात तो कागद. मला ताई म्हणून हाक मारलीस. मग मास्क खाली ओढलास, कागद जमिनीवर ठेवलास, त्यावर तुझी घराची किल्ली ठेवलीस वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि मागे सरकत सरकत म्हणालास की ट्रेन चुकेल, जा. मी गेले. तुला सॉरीसुद्धा न म्हणता गेले. संध्याकाळी आले तेव्हा तू चिन्मयीला भागाकार शिकवत होतास. माझ्याकडे पाहून तू चहा टाकलास.

त्या दिवशी मी ते तांदळाच्या मोठ्या डब्यात खाली खुपसलं. यतीन पुन्हा बाहेर गेला की परत ठेवायचं ठरवलं. पण त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत घरफोडी झाली आणि यतीनने चावी डबीतून काढून गळ्यातल्या चेनमध्ये अडकवली. आंघोळीलासुद्धा काढेना. दिवसभर वर्क फ्रॉम होम, तेही त्याच तिजोरीला पाठ लावून. एकदा चिन्मयीने खिचडीसाठी तांदूळ काढायला डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मी अशी किंचाळले की पोर रडायला लागली. तिला सांगितलं, तांदळात किडे आहेत. ती म्हणाली, मम, यू आर स्केअरिंग मी. खरंच होतं तिचं. नंतर मी ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर, सुटकेसमध्ये टाकलं आणि ते तिथे नाहीच असं स्वतःला सांगायला लागले. आणि सणवार विसरले, बघ. घरात शस्त्रपूजा करणारा नवरा असताना मी दसरा विसरले!

पुढचं तू पाहिलंस. पाटावर लाल कापड, लॅपटॉप, माझी फेस शील्ड, चिन्मयीची पट्टी-कंपास. झेंडू मिळाला नाही म्हणून मागच्या अंगणातली पिवळी रानफुलं. पुण्याहून सासू-सासरे व्हिडिओवर. यतीनने पेटी आणून मोठ्या ऐटीत उघडली आणि हळदकुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. पाच. सासऱ्यांनी फोनवरूनच विचारलं, सहावं कुठे रे, ते पांढऱ्या मुठीचं? यतीनने कॉल कट केला आणि सरळ तुझ्याकडे पाहिलं. काय काय बोलला तो तुला! ज्या ताटात जेवलास त्यातच, वगैरे. आणि वर म्हणाला, ते विकून तुला दमडी मिळायची नाही, सगळ्यांच्या आतल्या पिना मी कायद्याने काढून वेगळ्या पेटीत ठेवल्यात, गोळी घातली तरी ते उडणार नाही. तेव्हा मी हमसून हमसून रडले. तुला वाटलं असेल, आता ताई बोलेल. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी ओढणीत तोंड लपवलं. तू खोलीत गेलास, बॅग भरलीस आणि अर्ध्या तासात गेलास. मी तुला दारापर्यंतही सोडायला आले नाही.

दुसऱ्या दिवशी यतीन पोलिसांत कळवून आला. कळवावंच लागतं. परवा रात्री जेवताना मात्र मी त्याला सगळं सांगितलं. स्टेशनचंही सांगितलं. तो ओरडला नाही, त्याने मला धरून विचारलं की तू त्याच वेळी मला का नाही उठवलंस. मला वाटलं सुटले. पण सकाळपर्यंत त्याचं गणित मांडून झालं होतं. परवाना जाईल, आमच्या सिटिझनशिपच्या फायली अडकतील, माझ्यावर केस होईल. त्यापेक्षा सांगू, सुटकेसमध्ये सापडलं, कसं आलं माहीत नाही. वाईट नाहीये रे तो, घाबरलाय. पण तसं केलं तर पोलीस काय समजतील? पोराने जाताना आमच्याच माळ्यावर टाकलं असंच ना! मी म्हटलं, जमणार नाही. कधी नव्हे ते माझा आवाज चढला. मग आज दुपारी मीच पोलीस स्टेशनला फोन केला. पिस्तुलाला हात लावू नका, उद्या अकरा वाजता आम्ही येतो, असं म्हणाले. मी घेतलं, मी बाहेर नेलं, श्रीनाथचा यात काही संबंध नाही, एवढं मी फोनवरच सांगून टाकलंय.

तरीही हे पत्र जपून ठेव आणि तुझ्या जबाबाच्या वेळी त्यांच्यासमोर ठेव. इंग्रजीत करून घे कुणाकडून तरी. यतीनने उद्या मला फिरवलं, वकिलाने फिरवलं, मीच ऐन वेळी भेकडपणा केला, तरी तुझ्या हातात माझ्या सहीचा कागद असावा म्हणून लिहिलंय. आणि ते तुला विचारतील की बाईने तुला फक्त घाबरवलं ना? तू तुझ्या स्वभावाने हो म्हणशील. नको म्हणूस. तुला ट्रेनच्या आवाजात ऐकू आलं नाही ते मी यतीनलाही सांगितलेलं नाही. मी चाप ओढला, श्रीनाथ. काहीच झालं नाही म्हणून पुन्हा ओढला, जास्त जोराने. दसऱ्याला त्या पिनांचं ऐकून मी रडले ते यासाठी की त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की तू नशिबाने वाचलास. पहिल्यांदा ओढला तेव्हा मला वाटलं होतं तो यूटवाला आहे. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा तुझी मला हाक मारून झाली होती, आणि ती मला ऐकू आली होती.

तुझी,
सुरुची