बाबांच्या पाण्याची वेळ

ती. ताईस,

नमस्कार. तुझी पाठदुखी कशी आहे? भाऊजींचा घसा सुटला का? (सुटला नसेल तर घरात शांतता असेल, तीही काही वाईट नाही.) इकडे सगळं ठीक, म्हणजे आता ठीक. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस, म्हणून लिहितोय.

मागे बाबा जिन्यात चक्कर येऊन बसले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पीत नाहीत, दुसरं काही नाही. ऑफिसातून सारखे फोन करणं मला जमेना, म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. ठरलेल्या वेळी बाबांना फोन जायचा आणि माझ्याच आवाजात विचारायचा, "बाबा, पाणी प्यायलात का?" थोडे दिवस छान गेले. मग बाबा ती वेळ झाली की फोन उशीखाली ठेवू लागले. तेव्हा ठरवलं, वेळ बदलती ठेवायची. एक फोन झाला की प्रोग्रॅमनेच पुढची वेळ निवडायची, कधी अर्ध्या तासाने, कधी तीन तासांनी. बाबांना अंदाजच लागायला नको. कल्पना झकास होती. फक्त पुढचा फोन ठरवायची ओळ माझ्याकडून दोन जागी लिहिली गेली, एकदा फोन लागल्यावर आणि एकदा ठेवल्यावर. त्यामुळे एका फोनामागे दोन, त्या दोहोंमागे चार. मी मीटिंगमध्ये साहेबांना आपलं काम किती भरवशाचं असतं ते पटवत होतो (पटत आलं होतं), आणि तिकडे दुपारपर्यंत बाबांना फोन खाली ठेवायची सोय उरली नाही.

बाबांच्या शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी कळवलं, तसा धावत गेलो. बाबा स्वयंपाकघरात उभे, एका हातात पेला, दुसऱ्यात फोन. दर फोनला "हो रे, पितोय" म्हणत होते आणि खरंच पीत होते.

"बाबा, ते रेकॉर्डिंग आहे! बंद करायचा ना फोन!"

"कळतं मला. पण आवाज तुझाच ना? इतक्यांदा विचारतोयस, तेव्हा वाटलं, तुलाच काही झालंय की काय."

तिथल्या तिथे प्रोग्रॅम बंद केला. डॉक्टरीणबाईंनी झापलं, बाबांना नाही, मला. तेव्हापासून ऑफिस सुटलं की रोज बाबांकडे जातो. कधी उजेडात, कधी दिवे लागल्यावर, नोकरीच तशी. पाण्याचं विचारायचं राहूनच जातं, नुसत्या गप्पा होतात. पण ताई, निघताना बघतो तर टेबलावरचा जग रिकामा असतो.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त केली आहे, पुन्हा सुरू करतोय. या खेपेला आवाज तुझा हवा. तेच वाक्य चार-पाच सुरांत रेकॉर्ड करून पाठव, एक जरा दटावून. बाबांना कळू देऊ नकोस.

ता. क. बाबांकडून: पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. आवाज पाठवू नकोस, मी पाणी पितो. हा मात्र दुपारचा डबा भरलेला तसाच घेऊन इथे येतो. याला तू स्वतः फोन करत जा. वेळ आधी सांगू नकोस.