स्टोअरमधली तीन जुनी मशीनं

सोमवार, ४ मार्च

स्टोअरमधले तिन्ही जुने कॉम्प्युटर अडून बसले! चालू आहेत, पण सगळ्यांचा मिळून जो फोल्डर आहे तो उघडत नाहीत. शनिवारी कंपनीनं फायली ठेवायचा सर्व्हर नवा केला, मालाच्या याद्या, अर्ज, सगळं त्यावर गेलं. बाकी ऑफिसात टिचकी मारली की उघडतंय. इथं मात्र – प्रवेश नाही.

साहेब म्हणाले, "म्हातारी झालीत. शुक्रवारपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर स्टोअर नव्या इमारतीत हलवू."

आणि स्टोअर सांभाळणारे काका?

"त्यांचंही वय झालंच की. घरी पाठवू."

मी वायरी ओढणारा, आठवीत शाळा सोडलेला. तरी बोलून बसलो – मी बघतो!

मंगळवार, ५ मार्च

पासवर्ड बदलला. केबल बदलली. बंद करून चालू केलं, दहा वेळा. ढिम्म.

काका मागून – "भिंगरे, बूड टेकव जरा. तुला बघून मशीनला चक्कर येतेय."

दोन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्या, म्हणून मी भिंगरी!

इथं परदेशात आल्यापासून सहा वर्षं भारतात, घरी गेलेले नाहीत हे काका. विचारलं, पाठवताहेत तर जा की. म्हणाले, "जायचंच आहे रे. पण हाकलल्यावर नाही. माझ्या मर्जीनं."

बुधवार, ६ मार्च

काही नाही. साहेब हसले. डोकं फिरलं.

गुरुवार, ७ मार्च

सापडलं!!

गेटवरच्या केबिनमधलं मशीन स्टोअरमधल्यांपेक्षाही जुनं. त्यावर फोल्डर उघडतोय! म्हणजे वयाचा दोष नाहीच. धावत स्टोअरमध्ये आलो, एकेक गोष्ट ताडून पाहिली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ – गेटवर अकरा, इथं अडीच!

"काका, घड्याळ चुकलंय तुमचं."

"चुकलं नाही. मीच पुढं केलंय. घरची वेळ आहे ती." मग हळूच – "आत्ता तुझी काकू जेवून आडवी झाली असेल."

तिन्ही मशीनांवर केलेलं! जुन्या सर्व्हरला चालायचं. नवा मात्र पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की दारातूनच परतवून लावतो – साहेबांकडून खात्री करून घेतली.

घड्याळ मागं घेणं मिनिटाचं काम. हातच होईना. तासभर खटपट केली तेव्हा कळलं – घड्याळ आधी इथल्या वेळेवर आणायचं, आणि मग मशीनला सांगायचं, तू काकूच्या गावचं. मग पडद्यावर वेळ घरचीच दिसते, सर्व्हरही मुकाट आत घेतो.

उघडला! काकांनी माझे केस विस्कटले. "शहाणं रे माझं."

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांनी तिन्ही मशीनं चालवून पाहिली. स्टोअर इथंच राहणार, काकाही! दिवसभर मी शीळ घालत फिरलो. काका मात्र दुपारभर पडद्याला चिकटून. जवळ गेलो की – "हो तिकडं!"

बुधवार, १३ मार्च

काका सकाळी घरी जायला निघाले. रजेचा अर्ज त्याच फोल्डरात होता – शुक्रवारी तोच भरत होते. 'मागे काम कोण पाहील' तिथं माझं नाव, वडिलांच्या नावासकट. 'परत कधी' तिथं काहीच नाही. साहेब म्हणाले, "विचारून भर."

विमानतळाच्या बसपर्यंत पोचवायला गेलो होतो. विचारलं नाही.