आपल्या दोघांच्या इंजिनाबाबत खुलासा

मु. चिंचटोला, ता. मूल,
जि. चंद्रपूर

साडभाऊ नागसेनराव यांना देवरावचा मनापासून जय भीम.

तुमची साखर आता कुठवर उतरली ते कळवावं. डाव्या गुडघ्याचं काय झालं तेही कळवावं. ऊर्जानगरातल्या हवापाण्याचं विचारत नाही, कारण तिकडे चंद्रपूरच्या पावर हाऊसशेजारी ऊन आणि राख बाराही महिने भरपूर असते हे माहीत आहे. आमच्याकडे मीराबाईची कंबर, माझे दात आणि गोठ्याचं छप्पर सोडलं तर सगळं धडधाकट आहे. साधनाबाईंना त्यांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे मीराबाईचा, आशीर्वाद सांगावा. (दोघी सख्ख्या बहिणी, पण चार वर्षांत एकमेकींच्या घरी गेलेल्या नाहीत. वर्षातून एकदा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानामागे अर्धा तास भेटतात, आणि त्यातली पंधरा मिनिटं रडण्यात जातात.) ह्याला कारण ते इंजिन, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आज फक्त इंजिनाबद्दल लिहितो. दुसरं काही मनात आणू नये.

झालेलं उगाळायची मला हौस नाही. पण पंचायत समितीत तीस वर्षं बाबूगिरी केली, मागील संदर्भ लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही. तर संदर्भ असा, की आपण दोघांनी मिळून आलापल्लीच्या बंद पडलेल्या आरा गिरणीतून ते डिझेल इंजिन आणलं, तेव्हाच ते म्हातारं होतं. एक सिलेंडर, दोन बाजूंना दोन फ्लायव्हील, हँडल मारल्याशिवाय हूं की चूं करायचं नाही, आणि नावाची पाटी इतकी झिजलेली की ते कोणत्या कारखान्यात जन्मलं हे त्यालाच ठाऊक. पण वीस-बावीस वर्षं त्यानं बोडीच्या तळ्यातलं पाणी उपसून तुमच्या आणि माझ्या, दोघांच्याही धानाला पाजलं. मग त्या साली ऐन रोवण्याच्या दिवशी, चिखलात अठरा बायका वाकलेल्या असताना, ते बंद पडलं. तुम्ही रजा टाकून आदल्याच दिवशी पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या होत्या. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पावर हाऊसमधी बटनं दाबू दाबू हाताचं काम इसरले तुम्ही! रिंग उलटी बसवून ठेवली!" अठ्ठावीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला मी हे म्हणालो. तुम्ही चिंधीला हात पुसलेत, पाना खाली ठेवलात आणि तीनच्या एसटीनं निघून गेलात. साधनाबाईंचं ताट अर्धं राहिलं. त्या ताटाची आठवण मला आठवड्यातून दोनदा करून दिली जाते.

त्यानंतर मी इंजिनाच्या मागे लागलो. त्याचा आजार विचित्र होता. हँडल मारलं की छान सुरू व्हायचं, गडी कसा खणखणीत बोलायचा, आणि वीसेक मिनिटांनी दम लागल्यासारखा आवाज हळू हळू बसत जाऊन गप्प. मूलचा मिस्त्री आणला. त्यानं टाकीचं झाकण उघडून आत डिझेल आहे का बघितलं, झाकण लावलं, फिल्टर बदलला, हँडल मारलं, इंजिन सुरू. त्यानं चहा घेतला आणि गेला. तो नाक्यावर पोचला नसेल, तोच इंजिन बंद. सिंदेवाहीचा मिस्त्री आणला. त्यानंही झाकण उघडून आत बघितलं, झाकण लावलं, पंपाचा प्लंजर बदलला, इंजिन सुरू, चहा, मिस्त्री गेला, इंजिन बंद. अशा रीतीनं माझ्या घरी चार मिस्त्र्यांनी चहा घेतला. (मीराबाईचं म्हणणं पाच. पाचवा वीजबिलवाला होता, पण त्यानंही झाकण उघडून बघितलं होतं.)

मग कोणी म्हणालं नोजल गेलं असेल. नोजल शोधत मी चंद्रपूरच्या एका दुकानात गेलो, तर गल्ल्यावरच्या पोरीनं माझ्या हातातलं जुनं नोजल दोन बोटांत धरून बघितलं आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "काका, हे तुमच्या आजोबाचं हाये का?" तिनं घुग्घुसच्या एका भंगारवाल्याचा पत्ता दिला. भंगारवाल्याकडे अगदी आपल्यासारखं इंजिन निघालं, मला तर जुना वर्गमित्र भेटल्यासारखं झालं. पण तो म्हणाला, "सुटा माल इकत नाई. घ्याचं असन तं आख्खं घ्या." एका बोटाएवढ्या नोजलसाठी मी सात क्विंटलचं इंजिन ट्रकमध्ये घालून घरी आणलं. त्याचं नोजल काढून बघितलं, तर ते एक सूत मोठं. तेव्हा आमच्या अंगणात दोन इंजिनं झाली, दोन्ही बंद. एकाच्या फ्लायव्हीलवर मीराबाई मिरच्या वाळवायची, दुसऱ्यावर माझे कपडे. (तुमची जमीन ज्याला ठेक्यानं दिली आहे, त्यानं सोलर पंप बसवला आहे. तो बांधावर उभा राहून माझ्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.)

शेवटी मी आलापल्लीला गेलो आणि सुकलूभाऊला घेऊन आलो. हाच तो म्हातारा, जो आरा गिरणीत त्या इंजिनावर होता आणि ज्यानं आपल्या दोघांना हँडल मारायला शिकवलं. त्याला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यानं सागाची एक काडी इंजिनाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं, आणि डॉक्टर नाडी बघतात तसं बराच वेळ ऐकलं. आतून सगळं साफ आहे म्हणाला. मग म्हणाला, "तुमी दोघं आल्ते ना इंजिन न्याले? दुसरा कुठी गेला?" मी म्हटलं, ते ऊर्जानगरला असतात, कामात असतात. तो हसला नाही की काही नाही. काडी पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "इंजिनाले काई झालं नाई, भाऊ. तुमचंच पाहा." खरं सांगतो, मला त्याचा राग आला. रात्रीचं जेवणही गेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. गेल्या मंगळवारी इंजिन नेहमीप्रमाणे सुरू करून मी समोर बसलो होतो. वीस मिनिटं झाली, आवाज बसू लागला. मी कपाळाला हात लावला. इतक्यात मीराबाई तरातरा आली, म्हणाली, "डिझल तरी हाये का त्याच्यात, का उगाच बसून राह्यले पाहात?" आणि बांबूची काडी घालून बघायला तिनं चालत्या इंजिनाचं टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच टाकीनं 'सूंऽऽ' करून एवढा मोठा श्वास आत ओढला, की मीराबाई दोन पावलं मागे सरली. आणि इंजिन, नागसेनराव, मरता मरता उठून बसलं! धडधडत चालायला लागलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. झाकण उलटं करून बघितलं. झाकणाला मध्ये हवा जायला एक बारीक भोक असतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या भोकात एमसील भरलेलं होतं, दगडासारखं घट्ट. टाकीत हवा जायची वाटच बंद, तर डिझेल खाली उतरेल कसं? मिस्त्र्यांनी इंजिन खिळ्याखिळ्यानं उलगडलं, झाकण प्रत्येकानं उघडलं आणि बाजूला ठेवलं. झाकणाला कोणी इंजिनाचा भाग मानलंच नाही.

भोकात एमसील कोणी भरलं, याचा तपास सुरू आहे.

बाकी एकच विनंती, की तिकडे बाजारात नोजलखालचा तांब्याचा वायसर मिळाला तर दोन नग पाठवावेत. इकडे कुठेच मिळत नाही. गुडघ्याला कोमट तेल लावत जावं.

तुमचा,
देवराव

ता.क. तपास पूर्ण झाला. एमसील मी भरलं होतं. रोवण्याच्या चार दिवस आधी न्हाणीचा पाइप फुटला होता, तो बुजवल्यावर सुपारीएवढं एमसील उरलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, टाकून द्यायला जीव झाला नाही. आणि हातात एमसील असलं की मला जगात भोकंच भोकं दिसू लागतात. झाकणाचं भोक दिसलं, मनात म्हटलं, इथून पावसाचं पाणी जात असेल. बोटानं नीट गुळगुळीत केलं, वर थुंकी लावून.

पुन्हा ता.क. तांब्याचा वायसर मूलच्या दुकानात डबाभर मिळतो, पाठवू नये. रिंगा तुम्ही बरोबर बसवल्या होत्या. घुग्घुसचं इंजिन आणल्यावर तुलना करायला मी आपलं उघडलं होतं, तेव्हा चारही रिंगा डोळ्यांनी बघितल्या, एकही उलटी नव्हती. म्हणजे हे मला तेव्हापासून माहीत आहे. अठरा बायकांसमोर बोललो होतो, तेव्हा अठराजणींना गोळा करून पुन्हा सांगायला हवं, पण त्यातल्या दोघी आता नाहीत. उरलेल्या सोळांना मी सांगेन. तुम्ही त्या दिवशी समोर असावं अशी फार इच्छा आहे.

नागसेनभाऊ, जय भीम. मी मीराबाई लिहून राह्यली. एसटी हालते म्हनून अक्षर वाकडं येऊन राह्यलं. यायनं 'गेल्या मंगळवारी' लिहिलं ते खोटं हाये. झाकन मी मागच्या सालच्या रोवन्यात उघडलं. तवापासून हे पत्र लिहून राह्यले अन् फाडून राह्यले. हे सातवं हाये. काल पाकिटात घातलं अन् उशीखाली ठेवलं, तं मी समजली, हेबी फाटते. म्हनून सकायीच काढून घेतलं. मूलच्या बजारात जातो सांगतलं अन् चंद्रपूरच्या गाडीत बसली. तुमाले पाकीट देईन अन् मी सिदी साधनापाशी सैपाकघरात जाईन. तुमी दोघं भाऊ बोला नाई तं नोका बोलू, तिले घेतल्याबिगर मी पाचची गाडी धरत नाई. वाचनं झालं असन तं आतमधी या. च्या झाला असन.