ज्ञानदाची सुई आणि माझी चक्कर

चि. पांडुरंग यास,

इंदूताईचा पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी आठवणीनं घेतोस ना? विचारते काहून, तर दिवाळीत रायपूरला आलास तेव्हा खालचे दात आमच्या मोरीत विसरून गेलास. मी ते डबीत जपून ठेवले आहेत. वर्ध्याला इतके महिने तू काय चावून राहिलास, देव जाणे. (पत्र नात ज्ञानदा लिहून राहिली. मले अक्षर वाचता येत नाही, पण तिनं कमीजास्त लिहिलं की तिचं तोंड वाचता येतं.)

तर ज्ञानदाले लस टोचून झाली, मी सुटले. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून सरकार चौदा वर्षांच्या पोरींना फुकट देऊन राहिलं, एकच सुई. पण तिचा बाप, आमचा शेखर! मोबाइलवर कोण्या भैयानं पाठवलं, की यानं पुढं लेकरं होत नाहीत. झालं. इंजिनिअर झालेला माझा पोरगा आठ दिवस संमतीच्या कागदावर सही करेना. माझा अंगठा चालला असता तर पहिल्याच दिवशी उमटवला असता. शेवटी त्याले आपल्या थोरल्या बहिणीची, प्रेमलाअक्काची गोष्ट सांगितली. तिले हाच कॅन्सर, पण आपण जगाले पोटदुखी सांगत राहिलो, अन् तिनं लाजेपायी डॉक्टरलेही धड सांगितलं नाही. गेली तेव्हा तिचा लहानू पाटीवर रेघोट्या ओढत होता. शेखरनं चष्मा पुसला अन् सही केली.

टोचायच्या दिवशी नेमकी संकष्टी. पोरीले जेवून आणा, असा निरोप होता. तिले तांदळाचे वाफवलेले फरे पोटभर चारले, अन् सुई सुखरूप लागावी म्हणून तिच्या वाटचा निर्जळी उपास मी धरला. तात्यापाऱ्यातल्या दवाखान्यात पोट्टी हसत हसत टोचून आली, अन् तिचा दंड पाहायले उठलेली मी धाडकन खाली! (आजी "जरा टेकली" असं लिही म्हणत होती. — ज्ञानदा) पोरींसाठी मांडलेल्या पलंगावर मलेच निजवलं. सरला सिस्टर म्हणे, "अम्मा, टीका इसको लगा है कि आपको?" अन् चंद्र उगवायच्या आधीच तोंडात ग्लुकोजचं बिस्कीट कोंबलं. ज्ञानदाले अर्धा तास बसवून ठेवलं होतं, तो सारा वेळ ती मले वहीनं वारा घालून राहिली. पोट्टीले ताप नाही, दुखणं नाही. मीच दोन दिवस पडून होते, पण अशी निवांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तुझी,
इंदूताई

ता. क. तुझ्या नातीले, रुचिताले तान्ह्या पोळ्याला पंधरा पूर्ण होतात. तू विसरलास, मी नाही. पंधरा झाले की ही फुकटची सुई नाही. तिचा बाप कुरकुरला तर अक्काचं नाव घे. ते नाव घ्यायले आता लाजू नकोस.

दुसरं ता. क. रुचिताचं लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय दात मिळणार नाहीत. तिच्या कार्डाचा फोटो अन् तुमच्या वर्ध्याच्या बिस्किटाचे, गोरसपाकाचे दोन डबे पाठव. तुले तो चावणार नाहीच, तेव्हा घरात एकही ठेवू नकोस.