स्तोत्र पन्नास, वचन बारा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडण्यासारखं आता काही उरलं नाही, असं मला वाटत होतं. गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं. आता डोकं असं तापलं आहे की भाकरी थापतानाही मी तुमच्याशीच भांडते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी हल्ली काय काम करते ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. कोलामी बोलीत वाचलेली स्तोत्रं फोनवर ऐकता यावीत म्हणून आम्ही काहीजण पांढरकवड्यात बसून ती वचनावार लावतो. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, त्यांना निदान ऐकता आलं पाहिजे. पण एक्कावन्नाव्या स्तोत्रात दहाव्या वचनावर बोट ठेवलं की भलतंच वचन वाजायचं. मी आधी वाचणाऱ्याला दोष दिला, मग फोनला. शेवटी एका सहकाऱ्याने इंटरनेटवरून एक तक्ता काढून दिला. कोणीही फुकट घ्यावा, वापरावा, चूक दिसली तर कळवावी, असा सगळ्यांसाठी खुला. वेगवेगळ्या बायबलांत कुठलं वचन कुठल्या आकड्याखाली येतं, ते त्यात समोरासमोर मांडलेलं आहे. कोणी स्तोत्राचा मथळाही एक-दोन वचनं म्हणून मोजतं, कोणी मोजत नाही. कोणी नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरतं, मग पुढचे बहुतेक आकडे एकाने मागे सरकतात. शुद्ध मन मागणारं ते वचन मी शोधलं. तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात एक्कावन्न, दहा. जुन्या कॅथलिक बायबलात पन्नास, बारा. एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

पन्नास बारा कोणाचं, ते तुम्ही विसरला नसाल. आपल्या मंडळीत उपासनेनंतर प्रत्येक घरातल्या एकाने उभं राहून वचन सांगायचं. आधी आकडा, मग वचन. आकडा चुकला की पुढचं ऐकायचंच नाही, खाली बसवायचं. मंडळीचा कारभार तुमच्याकडे, हा नियमही तुमचाच. त्या रविवारी माय उभी राहते. बाभुळगावकडच्या कॅथलिक घरातली, लग्न होऊन तुमच्या मंडळीत आलेली, आणि लहानपणी सिस्टरांनी पाठ करून घेतलेलं तेवढं एक वचन तिच्याजवळ. ठेवणीतलं लुगडं नेसली आहे. मी तिच्या पायाशी सतरंजीवर बसले आहे. ती म्हणते, स्तोत्र पन्नास, वचन बारा. तुम्ही हात वर करता.

"बस खाली. आकडा मालूम नाही अन् वचन सांगाले उभी राह्यली."

बायका तोंडाला पदर लावून हसतात. माय बसते. वचन तिच्या तोंडातच राहतं. त्यानंतर तिने मंडळीत कधी तोंड उघडलं नाही, गाण्याच्या वेळीही नुसते ओठ हलवायची. आपल्या घरचं वचन मग तुम्ही मला घोकून दिलंत, तुमच्या आकड्यासकट, आणि बक्षीस म्हणून शाईचं पेन दिलंत.

इथपर्यंतही मी समजून घेतलं असतं. दुसरे आकडे असतात हे माणसाला माहीत नसतं, तुम्हालाही नसेल, असं म्हणून गप्प बसले असते. पण तक्ता बरोबर आहे ना, हे विचारायला मी म्हाताऱ्या पाळकांकडे गेले, तुमच्याच वेळच्या. त्यांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "हे तं म्या तुह्या बाबाले तवाच सांगतलं होतं. बाईचं वचन बरोबर होतं." त्यावर तुम्ही म्हणाला होतात म्हणे, आता बोललो तर मंडळीत माझी काय किंमत राहील. मी पुढ्यातला चहा तसाच टाकून उठले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. एका रविवारी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं तुमच्याच्याने झालं नाही. मंडळीत नाही तर नाही, घरात बोलायचं. चुलीपाशी, कोणी ऐकत नसताना. तेही नाही. तिच्या हातची भाकर रोज खाल्लीत आणि शुद्ध मनाच्या त्याच वचनावर गावोगाव प्रवचनं दिलीत. दुसऱ्याच्या पोराला खोटं बोलताना पकडलंत की कान पिळायचात तुम्ही. लाज कशी वाटली नाही, बाबा?

तशीच तणतणत मी घरी गेले. माय अंगणात अंबाडीची पानं निवडत होती. फोनवरची अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवलं. पन्नास, बारा आहे, माय. तुझं बरोबर होतं. पाळकांचं बोलणंही ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजे हे आत्ता निंगालं? तुह्या बाबाले मालूमच नव्हतं?"

मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा सैल झाला.

"बरं झालं. मले इतके साल वाटे, त्याइनं मुद्दाम केलं."

परवाच्या रविवारी ती उभी राहिली. तुमचा नियम आता कोणी पाळत नाही, नवे पाळक गोंधळलेच. तिने आधी आकडा सांगितला, तिचा, आणि मग अख्खं वचन, न अडखळता. बसताना माझ्या कानाशी लागून म्हणाली की, तुझ्या बाबांनी ऐकायला पाहिजे होतं. मी मान हलवली आणि तुमच्यावरच्या रागाने दात आवळून बसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. शेजारचं कोणी तिला वाचून दाखवेल. तुमच्यावरचा राग कमी होईलसं वाटत नाही. पण तुम्हाला माहीत होतं, हे मी मायला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे लपवणं तिच्यासाठी, तुमच्यासाठी नाही, असं ठणकावून लिहिणार होते. तेवढं मात्र लिहवत नाही.