पुढचे दोन दात

प्रिय भोंग्या,

आधी हे शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

परवा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी एक तोंड हवंय म्हणून तुला आमच्या दातांच्या दवाखान्यात बोलावलं, ती थाप होती. अख्खं सफरचंद कचाकचा चावणारा तू हल्ली फोडी करून दाढेनं खातोस, ते मी बघत होते. टोचून तपासायची सळई दिसली की तू लहानपणापासून धूम ठोकतोस, म्हणून सांगितलं की सोनोग्राफीचं नवं यंत्र आलंय, जेल लावून हिरडीवर नुसतं फिरवायचं, दुखत नाही. तू आलास, आणि वर विचारलंस, दाताला कितवा महिना लागलाय. नर्स हसली, मीही हसले.

मग पडद्यावर तुझे वरचे पुढचे दोन दात आले. त्यात दात आणि हाड पांढऱ्या रेघांसारखे दिसतात, हिरडी राखाडी. हाडाची रेघ दाताच्या मानेजवळच सुरू व्हायला हवी. तुझी दिसेचना. वाटलं, माझाच हात तिरका झाला. बाजूचा दात बघितला, तिथे रेघ जागेवर होती. परत पुढे आले, तेव्हा ती मुळाच्या पार निम्म्यावर सापडली, म्हणजे दात धरून ठेवणारं निम्मं हाड झिजलंय. तू आ वासून माझ्याकडे बघत होतास आणि माझीच दातखीळ बसली होती. आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवून सांगते म्हणाले, आणि तू तुमच्या बँडच्या शनिवारच्या कार्यक्रमाची तिकिटं वाटायला पळालास.

मॅडमचं म्हणणं, लगेच उपचार घेतले आणि काही महिने ट्रम्पेट बंद ठेवला तर दात राहतील. या अवस्थेत त्यांच्यावर ट्रम्पेट दाबून तासभर वाजवलं, तर त्या काहीच खात्री देत नाहीत. कवळी लावून वाजवू बघणारे तुमच्या बँडमधले काका आता झांजा वाजवतात, हे तुला मी काय सांगू.

इतकी वर्षं मागच्या रांगेत काढून शनिवारी तू पहिल्यांदा एकटा पुढे उभा राहणार. आईनं तुझ्या काळ्या कोटाला दोनदा इस्त्री केलीय. काल मी सांगायलाच आले होते, पण तुझा सराव चालू होता, म्हणून दारातच थांबले. वरचा सूर तू इतका लांबवलास की मला रडू आलं. तो संपल्यावर तू बोटानं पुढचा दात हळूच हलवून बघितलास. म्हणजे तुला माहीत आहे, आणि तरी तू वाजवणार आहेस.

म्हणून तुला विचारलं नाही. आज सकाळी बँडमास्तरांकडे जाऊन ते चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. ते बघून त्यांनी यादीतलं तुझं नाव खोडलं. शनिवारी तुझ्या जागी दुसरा उभा राहील. संध्याकाळी त्यांचा फोन येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहून तुझ्या ट्रम्पेटच्या पेटीवर ठेवतेय. दवाखान्यातली म्हणून मला हा हक्क नव्हताच. बहीण म्हणून होता का, तेही कळत नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही. सोमवारी सकाळी पहिला नंबर तुझा लावलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. येऊन फक्त तोंड उघड.

तुझीच, शिव्या खायला तयार असलेली,
ताई