डाव्या हाताशिवायचा टेकू

प्रिय सिग्ने,

फोनवर मी "बघून कळवतो" एवढंच बोललो, याचा राग मानू नकोस. बंदुकीच्या टेकूबद्दल कुणी विचारावं आणि तुझ्या बापाने एका वाक्यात आटपावं, असं आजवर झालेलं नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. जमिनीवरून नेम धरायचा आहे, डाव्या हातात जोर नाही, तर कुठला टेकू घ्यावा, एवढाच तुझा प्रश्न होता. मी म्हटलं, "एल्कसाठी?" तू जरा थांबून म्हणालीस, "हो बाबा, एल्कच." मग तुझ्या दुकानाच्या दाराची घंटी वाजली, तुझी नणंद, डाल्टनची बहीण, आत आली असावी, आणि तू फोन ठेवलास. तेव्हा आता सविस्तर लिहितो. गल्ल्यामागे बसूनच वाच आणि शेवटपर्यंत वाच.

त्याच दुपारी गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार लॉयल तसाच आहे. स्वतः डोंगर चढायचं सोडून जमाना झाला, पण दुसऱ्याने काय पाठीवर घेऊन चढावं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याने एक तिपाई दाखवली. आमच्या चर्चच्या वेदीला नसेल इतका तिचा थाट. म्हणाला, "आर्ने, हिच्यावर बंदूक ठेवलीस की ती आपली आपण नेम धरते." मी म्हटलं, "मग तिलाच पाठव डोंगरात, मी घरी कॉफी पितो." तिपाई चांगलीच असते, पण तिचे पाय उघडून आवळायला दोन्ही हात लागतात. नळीखाली जोडायची दुपायी हलकी; पण पोटावर झोपलं की समोर झुडपांशिवाय काही दिसत नाही, आणि खडकावर टेकली तर गोळी सुटताना बेडकासारखी उडी मारते. काठ्यांची कैची डाव्या मुठीत घट्ट धरावी लागते, म्हणजे तुला बाद. राहिली पाठीवरची पिशवी. आत कोट कोंबायचा, ती आडवी टाकायची, बंदूक तिच्यात रुतवायची. याहून चांगला टेकू अजून कुणी बनवला नाही. पण सिग्ने, हे तुला मीच शिकवलं होतं, पंधराव्या वर्षी. तुझ्या बंदुकीखाली तेव्हा पिशवीच होती. म्हणजे उत्तर तुला माहीत होतं. मग विचारलंस कशाला, हे तिपाई परत लॉयलच्या हातात देताना माझ्या डोक्यात आलं, आणि ते काही जाईना.

त्या पंधराव्या वर्षाचं तू कधी बोलत नाहीस. पिशवी उतारावर होती, ऐन वेळी घसरली, आणि गोळी बरगड्यांच्या मागे पोटात लागली. आपण रक्ताच्या मागावर गेलो. रक्त कसलं, हिरवट पाणीच जास्त, त्यात चघळलेलं गवत. ओढ्याच्या पलीकडे ती एल्कची मादी, घोड्याएवढी हरिणी, पाय दुमडून बसली होती, गोठ्यातली गाय बसते तशी. आतडी मागे झुडपात अडकून लांब ओढली गेली होती, आणि ती मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. ओरडली नाही. मी म्हटलं, "तुझी आहे, तूच संपव." बाप म्हणून असली वाक्यं फार सोपी असतात. तू जवळ जाऊन कानामागे गोळी घातलीस, तुझ्या तोंडावर रक्त उडालं, तू बाहीने पुसलंस आणि ओकलीस. त्यानंतर बंदुकीला हात लावला नाहीस. कॅम्पवर येत राहिलीस, पण रस्सा रांधायला आणि आमची टिंगल करायला. अशी तू, आणि तुला टेकू हवाय.

आता गेल्या नोव्हेंबरचं. तुझ्या नवऱ्याने ट्रकच्या बॉनेटवर बंदूक टेकून नेम धरला, तेव्हा मी मागेच उभा होतो. बंदुकीवरची दुर्बीण नळीच्या दोन बोटं वर असते. तिच्यातून एल्क स्वच्छ दिसतो आणि नळीचं तोंड मात्र समोरच्या पत्र्यावर रोखलेलं असतं, हे काही माणसांना पत्रा फाटल्यावरच कळतं. धडाका झाला, एल्क डोंगरापार, आणि रेडिएटरमधून वाफ. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे नेम चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट कापून तंबूच्या खांबाला ठोकतात. ते मीच कापलं, माझ्या सोलायच्या सुरीने, अगदी मन लावून. सगळे खिदळत होते. आणि तू पळीने पातेलं वाजवत म्हणालीस, "डाल्टन, एल्क नाही तर नाही, ट्रक तरी लोळवलास! आता हा सोलायला किती जण लागतील?" शेरीफचा डेप्युटी हसता हसता बाकावरून पडला. डाल्टनही हसला. "हसा, हसा," म्हणाला. पण बघत होता फक्त तुझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी तुझा डावा हात टॉवेलात गुंडाळलेला. "बर्फावरून घसरले." डेप्युटी म्हणाला, "या दिवसांत वाटा फार निसरड्या, वहिनी." त्याची नोकरी पोलिसाची आहे, पण दर वर्षी एल्कचा एक पाय त्याला डाल्टनकडून मिळतो. मी तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने हाडाचा फोटो दिव्यासमोर धरला. जन्मभर मी जनावरांचे पाय सांध्यातून पिळून वेगळे करत आलोय. पडल्यावर हाड कसं मोडतं आणि पिळल्यावर कसं, हे मला शिकवावं लागत नाही. तुझं हाड दोरीला पीळ द्यावा तसं तिरकं फाटलं होतं. मी ते पाहिलं, आणि तुला काय म्हणालो? "नवे बूट घे." जगातल्या प्रत्येकावर टोमणा मारणारा तुझा बाप ज्या दिवशी खरंच बोलायला हवा होता, त्या दिवशी बुटांवर बोलला.

तेव्हा आता स्पष्ट बोलतो. हा एप्रिल आहे. शिकारीला ऑक्टोबरअखेरपर्यंत परवानगी नाही. माद्या गाभण आहेत आणि नरांची शिंगं गळून रानात पडली आहेत. या दिवसांत कुणी एल्क मारत नाही. मग तू जमिनीवर कुठे झोपणार आहेस आणि समोरून कोण चालत येणार आहे, हे मला समजतं. गुरांच्या गोठ्यावरून घरापर्यंत तो रोज एकटा येतो, तेही ठाऊक आहे. त्याची कीव करायला मी सांगत नाही, माझ्याकडेही शिल्लक नाही. पण गोळी माणसाला सिनेमासारखी आडवी करत नाही. एक मोडका हात, थरथरता श्वास, आणि ती जराशी मागे लागते. मग तो बसेल, पाय दुमडून, स्वतःच्या पोटाकडे बघत, आणि तुला जवळ जावं लागेल. तू जाशील, कारण तुला तसं मी शिकवलंय. त्यानंतरचा तुझा सगळा जन्म गजांच्या आड त्याच्याबरोबर जाईल. मेल्यावर तरी तो तुझ्याजवळ राहायला नको.

फोनवर हे बोलता येत नव्हतं; तुझा फोन तो तपासतो आणि दुकानाचा त्याची बहीण उचलते. म्हणून हे पत्र गुड्रून आत्याने "ऑर्डरचा कागद" म्हणून तुझ्या हातात दिलं. ती बाहेर निळ्या ट्रकमध्ये बसली आहे, इंजिन चालू ठेवून. शहरात तिच्या ओळखीची एक वकीलबाई आहे, तिने खोली बघून ठेवली आहे, आणि डॉक्टरने त्या फोटोची प्रत दिली आहे. घरी जाऊ नकोस. कपडे, कागदपत्रं, आईची घड्याळं, सगळं राहू दे. मी स्वतः का आलो नाही, हे आत्या सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. मंगळवारी मी तुमच्या घरासमोरच्या टेकाडावर जाऊन आलो, रिकाम्या हाताने. तिथे कुंपणाचा एक खांब आहे, बरोबर माझ्या छातीच्या उंचीचा, वरून झिजून सपाट झालेला. खाली अंगण, गोठा, मधली वाट. मी हाताची घडी त्याच्यावर ठेवून पाहिली, आणि हात अजिबात हलला नाही. पुन्हा त्या बाजूला निघालो तर बंदूक घेऊन त्याच खांबाशी थांबेन, याची मला खात्री आहे. परत येऊन बंदुकीचा बोल्ट, गोळी आत ढकलणारा दांडा, काढला आणि आत्याच्या पर्समध्ये टाकला. त्याच्याशिवाय ती नुसती लोखंडाची काठी. मी कितीही गोड बोललो, शिव्या दिल्या, रडलो, तरी तो तुम्ही दोघींनी मला परत द्यायचा नाही. आता ऊठ. ट्रकचं तुझ्या बाजूचं दार जरा अडकतं. जोरात ओढ.

तुझाच,
बाबा